हातानं बनवलेल्या भेटी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या वेळी पत्रं खूप आलीत आणि जवळजवळ सगळी एकाच धाग्यातली, घरातल्या कुणाचा तरी वाढदिवस आहे, कुणाचं लग्न, कुणाला बाळ झालंय, आणि विकत आणण्याऐवजी स्वतः काहीतरी करून द्यायचंय. उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते कारण ती जवळपास प्रत्येक पत्रात दिसली, वस्तू मोठी निवडलेली असते आणि दिवस थोडे उरलेले असतात. वस्तू छोटी घ्या. आणि दिवस मोजताना हाताला लागणारा वेळ मोजता तसा वाळायचा, गार व्हायचा, वजनाखाली दाबून ठेवायचा वेळपण मोजा, तो कुणीच धरत नाही आणि मग आदल्या रात्री सगळा गोंधळ होतो.

प्रश्न: ताई, बाबांचा साठावा वाढदिवस आठ दिवसांवर आलाय. फोटोंचं काहीतरी करून द्यायचंय पण मी आजवर हस्तकला अशी केलेलीच नाही. ऑफिसमधून आल्यावर रोज तासभर मिळतो. यूट्यूबवर तो एक्स्प्लोजन बॉक्स बघितला, तो जमेल का? (एक लेक)

जमेल पण आठ दिवसांत नको. झाकण काढलं की चारही बाजू उलगडून पडतात अशा त्या बॉक्सचं सगळं सौंदर्य मापात असतं, एका आतल्या चौकोनाची बाजू मिलिमीटरभर चुकली की झाकण नीट बसत नाही, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला ते आठ संध्याकाळींत फार होतं. त्याऐवजी छोटी शिवलेली पुस्तिका करा. दिसायला साधी पण हातात घेतली की खरंखुरं पुस्तक वाटते, आणि बाबांना ती उशाशी ठेवता येईल, परत परत उघडता येईल.

ए-फोर आकाराचे जाडसर पाच कागद घ्या, १२० जीएसएमचे मिळाले तर छान, हा आकडा जितका मोठा तितका कागद जाड (प्रिंटरचा रोजचा कागद ७५-८० चा असतो, त्याच्या मागचं पुढे दिसतं). मधोमध घडी घालून एकात एक सरकवले की वीस पानं झाली. कव्हरला २५० जीएसएमच्या आसपासचा कार्डपेपर. आता घडीबद्दल नीट वाचा कारण पुस्तिका घरगुती दिसणार की देखणी हे इथेच ठरतं. कागदाचे तंतू एका दिशेनं असतात, त्या दिशेनं घडी सुरेख पडते आणि आडव्या दिशेनं घातली की जाड कागद घडीवर फुटतो, पांढरी रेघ दिसते. दिशा ओळखायची तर कागद न दुमडता हलकेच वाकवून बघा, आधी उभा मग आडवा, ज्या बाजूनं कमी जोर लागतो ती तंतूंची दिशा. ए-फोरमध्ये तंतू बहुतेक वेळा लांब बाजूनं असतात, म्हणजे मधोमध घातलेली घडी नेमकी उलट्या दिशेनं येते, म्हणून कव्हर मोठ्या शीटमधून कापून घ्या आणि तंतू पुस्तिकेच्या कण्याला समांतर येतील असं बघा. कुठलाही जाड कागद दुमडण्याआधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ ओढायची आणि मगच दुमडायचं. एवढ्यानं निम्मा फरक पडतो.

शिवायला तीन भोकं पुरतात, एक बरोबर मध्ये आणि दोन वरच्या-खालच्या टोकांपासून साधारण तीन-चार सेंटिमीटरवर. सगळे कागद कव्हरसकट एकत्र धरून घडीवर आतून बाहेर भोकं पाडा. दोरा कण्याच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या पुस्तिकेला ६३ सेंटिमीटर, आणि तो मेणबत्तीवर एकदा ओढून घ्या म्हणजे गुंतत नाही. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत या, मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकातून बाहेर जा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. झालं शिवून. पानांची उघडी कड थोडी पुढे-मागे दिसेल, आतली पानं नेहमीच बाहेर सरकतात, ती स्टीलची पट्टी आणि नवं ब्लेड घेऊन कापा, एकाच झटक्यात नाही तर हलके हलके पाच-सहा वेळा फिरवून.

फोटो मूळ लावू नका, स्कॅन करून प्रिंट काढा. इंकजेट प्रिंट असेल तर पातळ गोंदानं शाई पसरते, तिथे ग्लूस्टिक किंवा डबलसाइड टेप वापरा. सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि चिकट डाग सोडते. जुनं तिकीट, पावती लावायची असेल तर आधी झेरॉक्स काढा कारण असे बरेच कागद थर्मल असतात, उष्णतेनं छापलेले, त्यांच्यावरचं काही काळानं आपोआप पुसट होऊन जातं.

आणि फोटोंपेक्षा जास्त वेळ मजकुराला द्या असं मी म्हणेन. काका, आत्या, त्यांचे जुने मित्र, प्रत्येकाला फोन करून एकच गोष्ट विचारा, बाबांचं तुम्हाला आठवणारं एक वाक्य कुठलं. ते तुमच्या अक्षरात फोटोखाली लिहा, अक्षर कसं का असेना. पहिले तीन दिवस फोटो आणि फोन, चौथ्या दिवशी कापणं-दुमडणं, पाचव्या दिवशी शिवण, मग दोन दिवस चिकटवणं आणि शेवटची रात्र फक्त वजनाखाली ठेवायला.

प्रश्न: कार्डावर रंगीत कागद चिकटवला की नेहमी लाटा येतात आणि कार्ड वाकडं होतं. गोंद बदलून बघितला तरी तेच.

गोंदातल्या पाण्यानं होतं ते. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असतं, कागदाचे तंतू ते पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात, एका बाजूनं ओढ बसते आणि कार्ड वळतं. गोंद बाटलीतून थेट ओतू नका, ब्रशनं पातळ थर द्या, मधून कडांकडे. कागद ठेवून मधूनच बाहेरच्या बाजूला कापडानं दाबत जा. मग वर-खाली प्लास्टिकचा कागद ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर. आणि बाइंडिंगवाले करतात ती युक्ती करा, पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवायचा, दोन्हीकडची ओढ सारखी होते आणि पुठ्ठा सरळ राहतो. पातळ कागदाला तर ग्लूस्टिकच बरी.

प्रश्न: बहिणीला बाळ होणार आहे, मी क्रोशाचा छोटा ससा करतेय. डोळ्यांना काळे मणी लावू की बटणं? गळ्यात रिबनचा बो पण छान दिसेल ना? (होणारी मावशी)

मावशी, मणीही नको, बटणंही नको, आणि बो तर नकोच नको. मी इथे ठाम आहे. बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, ओढतं, चावतं, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुटून येईल असा कुठलाही बारीक भाग असता कामा नये. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात, जो तुकडा त्या नळीत मावतो तो लहान मुलासाठी धोक्याचा धरतात, आता विचार करा मणी त्यात कुठल्या कुठे जाईल. कितीही घट्ट शिवला तरी दहा धुण्यांनंतर दोरा झिजतोच.

डोळे काळ्या दोऱ्यानं भरा, खरं सांगायचं तर ते जास्त गोड दिसतात. नाक-तोंडही भरतकामानंच. लोकर सुती घ्या, केसाळ नको, केस तोंडात जातात. सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घ्या म्हणजे वीण घट्ट येईल आणि भोकांतून आतला कापूस बाहेर डोकावणार नाही. कान-पाय जोडताना कडेकडेनं दोनदा फिरून शिवा, दोऱ्याची टोकं पोटात लांबवर ओढून मग कापा. झाल्यावर कान धरून स्वतः जोरात ओढून बघा, बाळ ओढेल त्यापेक्षा जोरात. मग एकदा धुवा, पिळा, वाळवा आणि परत बघा.

अजून एक, ससा झोपायच्या जागी ठेवायचा नाही हे बहिणीला सांगा. पहिलं वर्षभर बाळाच्या अंथरुणात मऊ खेळणी, उशा, सैल पांघरुणं काहीच नसावं असं डॉक्टर सांगतात. ससा जागेपणी खेळायला.

प्रश्न: आजीच्या हस्ताक्षरातलं एक जुनं पत्र सापडलंय. त्यातली एक ओळ रुमालावर भरून आईला द्यायची आहे. अक्षर आजीचंच दिसायला हवं. कसं उतरवू?

किती सुंदर कल्पना आहे ही! यावर मी जरा सविस्तरच लिहिते.

मूळ पत्राला हात लावू नका, त्याचा फोटो काढून ओळ हवी तेवढी मोठी करून प्रिंट घ्या. अक्षराची उंची निदान एक ते दीड सेंटिमीटर ठेवा, त्याहून बारीक असलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं दोऱ्यात बुजून जातात. रुमाल सुती आणि पांढरा किंवा फिका, आणि भरण्याआधी धुऊन इस्त्री केलेला, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं आणि भरल्यानंतर आकसलं तर अक्षरांभोवती चुण्या पडतात, त्या पुन्हा निघत नाहीत.

प्रिंट खिडकीच्या काचेवर चिकटवा, वर रुमाल ताणून लावा, दिवसाच्या उजेडात अक्षर आरपार दिसतं, ते गिरवून घ्या. कशानं गिरवता हे महत्त्वाचं. पाण्यानं जाणारं निळं मार्किंग पेन सगळ्यात चांगलं, फक्त ते धुऊन पूर्ण निघेपर्यंत इस्त्री लावायची नाही, उष्णतेनं ती शाई कापडात पक्की बसू शकते. बरेच जण ते इस्त्रीनं पुसलं जाणारं जेल पेन वापरतात. ती शाई साधारण ६० अंशांना दिसेनाशी होते खरी पण जात नाही, खूप थंडीत, शून्याच्या बरीच खाली, परत उमटू शकते. आईसाठीच्या वस्तूवर तो धोका नको.

भरतकामाच्या दोऱ्यात सहा पदर असतात, हस्ताक्षराला दोनच घ्या. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत एवढाच कापा, जास्त लांब घेतला की गुंततो आणि घासून त्याचा तजेला जातो. टाका बॅकस्टिचचा, म्हणजे प्रत्येक वेळी एक टाका मागे येऊन पुढे जायचं. सरळ रेघेत टाका तीन मिलिमीटरचा चालेल पण वळणावर तो अर्धा करा, नाहीतर गोल अक्षर कोनाकोनाचं दिसतं. आजीनं जसं लिहिलं तशाच क्रमानं भरत जा, आधी अक्षर मग शिरोरेघ की उलटं हे पत्रात नीट बघितलं तर कळतं. तिनं पेन दाबून ओढलेलं असेल तिथे तीन पदर घ्या. एखादी काना मात्रा चुकली असेल, शाईचा ठिपका पडला असेल, तर तोही तसाच भरा, दुरुस्त करू नका, आईची नजर सगळ्यात आधी तिथेच जाईल.

मागची बाजूही नीट हवी कारण रुमाल दोन्हीकडून दिसतो. गाठ मारू नका, सुरुवातीचं टोक मागे धरून त्यावरूनच टाके घ्या आणि शेवटी चार-पाच टाक्यांखालून दोरा सरकवून कापा. लाल किंवा गडद निळा दोरा निवडला असेल तर आधी ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून बघा, रंग लागला तर दुसरा घ्या.

प्रश्न: आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला काचेच्या ग्लासात सुगंधी मेणबत्त्या केल्या. सोया वॅक्स होतं. मधोमध खड्डा पडला, काचेला मध्येमध्ये मेण सुटल्यासारखं दिसतं, आणि पेटवली की फक्त मधलंच वितळतं. पुढच्या महिन्यात परत करायच्यात.

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खड्डा पडतो कारण मेण गार होताना आकसतं आणि ते बाहेरून आत गार होत जातं, मग सगळी पोकळी मध्ये जमा होते. थोडं मेण मागे ठेवा, वरचा थर घट्ट व्हायला लागला की वातीशेजारी काडीनं दोन-तीन भोकं पाडा आणि उरलेलं वितळवून वरून ओता. काचेचे डाग म्हणजे तिथे मेणाची पकड सुटलीय, ग्लास आधी किंचित कोमट करून घ्या आणि वाऱ्यापासून लांब, हळूहळू गार होऊ द्या. तरी थोडे राहिले तर राहू द्या, जळण्यावर त्याचा काही परिणाम नाही. सोया वॅक्सवर बर्फासारखी पांढरी नक्षी येते तीही त्याचा स्वभावच आहे.

मधलंच वितळतं कारण वात बारीक पडतेय. पहिल्यांदा पेटवल्यावर दोन ते चार तासांत वितळलेलं मेण ग्लासच्या कडेपर्यंत पोचायला हवं. नाही पोचलं तर जाड वात, आणि ज्योत उंच होऊन काजळी धरत असेल तर बारीक. एकसारख्या दोन ग्लासांत दोन वेगळ्या जाडीच्या वाती करून बघा आणि मगच बाकीच्या ओता. म्हणूनच महिना हाताशी आहे हे छान आहे, सोया मेणबत्तीचा वास ओतल्यानंतर दोनेक आठवडे मुरला की जास्त चांगला येतो.

माप असं की मेण पाण्यापेक्षा हलकं, १०० मिलिलिटरच्या ग्लासाला साधारण ९० ग्रॅम लागतं. सुगंधी तेल मेणाच्या ६ टक्क्यांपासून सुरू करा, २०० ग्रॅमला १२ ग्रॅम. रंगासाठी मुलांचे खडू घालू नका, त्यानं वात तुंबते. ग्लास जाड आणि उष्णता सोसणाराच घ्या.

आणि कृपा करून मेण थेट आचेवर ठेवू नका, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा, आणि समोरून हलू नका. कधी पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, आच बंद करून झाकण टाकायचं. उरलेलं मेण सिंकमध्ये नको, पाइपात जाऊन घट्ट बसतं. कागदानं पुसा.

प्रश्न: मी चौदा वर्षांची आहे. मामाचं लग्न आहे. माझ्याकडे सामान घ्यायला पैसे नाहीत, फक्त कागद आणि स्केचपेन आहेत. काय करू?

तुझ्याकडे पुरेसं सामान आहे. कागदाची झाकणवाली डबी कर, जपानी पद्धतीची, मासू म्हणतात तिला, त्यात गोंद-कात्री काही लागत नाही. चौकोनी कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणायचे, मग समोरासमोरच्या बाजू मध्यरेषेपर्यंत दुमडून उघडायच्या, दोन कोपरे मोकळे करून भिंती उभ्या करायच्या, व्हिडिओ एकदा बघितलास की जमेल. हिशोब लक्षात ठेव, २१ सेंटिमीटरच्या चौकोनातून साधारण साडेसात सेंटिमीटर बाजूची डबी होते आणि उंची त्याच्या निम्मी. खालच्या डबीचा कागद झाकणापेक्षा चार-पाच मिलिमीटर छोटा काप, म्हणजे झाकण अलगद बसेल. आत छोट्या छोट्या चिठ्ठ्या घाल, मामानं तुला काय काय शिकवलं, कधी हसवलं, कधी कुठे नेलं, एका चिठ्ठीवर एकच आठवण. काही चिठ्ठ्या मामीसाठीपण लिही, मामाच्या खोड्या तिला कळू देत.

तुला घड्यांची आवड लागली तर मिउरा घडी शोधून बघ. कोर्यो मिउरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी ती काढली, मोठा कागद दोन टोकं धरून ओढला की एका झटक्यात उघडतो आणि तसाच मिटतो. १९९५ मध्ये अंतराळात गेलेल्या एका जपानी यानात तिचा वापर झाला होता. पूर्ण कागदावर पत्र लिहून त्या घडीनं मिटवून डबीत ठेवलंस तर मामा नक्की चकित होईल.

प्रश्न: गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांचे शर्ट कपाटात तसेच आहेत. आई आणि भावासाठी त्यातून उशांचे अभ्रे करावेत असं मनात आहे पण कात्री लावायला हात धजत नाही. मशीन येत नाही, हाताने शिवते.

हात धजत नाही तोवर कापू नका. हे काम घाईचं नाहीच. आणि आईला सरप्राइज देऊ नका, आधी विचारा, कुठला शर्ट तसाच राहू दे हे तिला सांगू दे. काही जणांना कपड्याला अजून असलेला वास हवा असतो, म्हणून धुण्याआधीही विचारा, एकदा धुतलं की तो गेला. ठरलं की प्रत्येक शर्टाचा आधी फोटो काढून ठेवा.

सोपा आणि मला स्वतःला फार आवडणारा मार्ग असा, शर्टाची पुढची बाजू बटणपट्टीसकट वापरायची. बटणं लावून शर्ट सपाट पसरा आणि पट्टी मधोमध येईल असा चौकोन आखा. ४० सेंटिमीटरच्या उशीला ४२ चा, चारही बाजूंनी एक सेंटिमीटर शिवणीत जातं. बटणपट्टीच अभ्र्याचं तोंड होते, वेगळी चेन लावायला लागत नाही, आणि बाबांची बटणं आईच्या हातून रोज उघडली-लावली जातात. मागच्या बाजूला शर्टाची पाठ. आखताना बटण शिवणीच्या रेघेवर येणार नाही असं बघा, आणि पट्टीची वरची-खालची टोकं आधी कच्च्या दोऱ्यानं पकडून ठेवा, ती सरकतात. खिसा जिथे आहे तिथेच राहू द्या.

उलट बाजू बाहेर ठेवून चारही बाजू बॅकस्टिचनं शिवा, धावदोऱ्यावर हा भार टिकणार नाही. दोरा दुहेरी, टाके दोन-तीन मिलिमीटरचे. कापडाच्या कडा सुटतात म्हणून शिवणीबाहेरची कड गुंडाळून टाके घाला. कोपरे तिरके छाटा, पण टाक्याच्या जवळ जाऊ नका, मग उलटवल्यावर टोकदार येतील. कॉलर झिजलेली, बाहीवर डाग असलेला शर्ट असेल तर तो भाग टाळू नका असं मी म्हणेन, जिथे झिज आहे तिथे मागून पातळ कापडाचा तुकडा लावून घ्या म्हणजे टिकेल. टी-शर्ट घेणार असाल तर त्याचं कापड ताणतं, कापण्याआधी मागून फ्युजिंग, म्हणजे उष्णतेनं चिकटणारं अस्तर, इस्त्रीनं चिकटवून घ्यावं लागेल, शिंपीकामाच्या दुकानात मिळतं.

उरलेले तुकडे टाकू नका, एका पिशवीत ठेवा. पुढे घरात बाळ आलं तर गोधडीच्या एका चौकोनाला तेवढे पुरतात.

प्रश्न: नातू पाच वर्षांचा आहे, त्याच्या आईसाठी त्याच्याकडून काहीतरी करून घ्यायचंय. तो दोन मिनिटांत उठून पळतो. (एक आजी)

आजी, दोन मिनिटांचंच काम द्या त्याला, आणि ते पूर्ण त्याचं असू दे. जाड कागदावर बटाट्याचा नाहीतर खोडरबराचा ठसा उमटवणं, मोठा कागद बोटांनी रंगवणं. वाळल्यावर त्याच कागदाच्या तुम्ही पट्ट्या कापा आणि वर भोक पाडून दोरा ओवा, पुस्तकात ठेवायच्या खुणा झाल्या. कापणं-ओवणं तुमचं, रंग त्याचा. तो निघून गेल्यावर रंग नीट करायला ब्रश हातात घेऊ नका, आई लगेच ओळखते. मागे तारीख आणि त्याचं वय लिहा, आणि नाव त्याला स्वतःला लिहू दे, अक्षर उलटं आलं तरी.

प्रश्न: वहीत दाबलेली फुलं तपकिरी पडतात. बहिणीच्या फ्रेमसाठी हवीत.

ओलावा राहतो म्हणून. फुलं दव उडून गेल्यावर तोडा, लगेच दाबा, आणि गुळगुळीत वहीत नाही तर टिपकागदात किंवा वर्तमानपत्रात. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला, नंतर दोन-तीन आठवडे हलवू नका. सपाट, पातळ पाकळ्यांची फुलं घ्या, गुलाबासारखं भरगच्च फूल असेल तर पाकळ्या सुट्या दाबून फ्रेममध्ये परत जुळवा. पांढरी फुलं लवकर डागाळतात, पिवळी रंग बऱ्यापैकी धरतात. चिकटवताना काडीच्या टोकानं दोनच ठिपके गोंद. फ्रेम उन्हात टांगायची नाही हे बहिणीला सांगा, रंग उडतो.

प्रश्न: रॅपिंग पेपर दरवेळी कमी पडतो नाहीतर खूप उरतो. काही माप असतं का?

असतं. खोक्याभोवती दोरा फिरवून घेर मोजा, त्यात तीन सेंटिमीटर मिळवा, ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे खोक्याची लांबी आणि दोन्हीकडे उंचीच्या पाऊणपट. यापेक्षा जास्त ठेवलं की टोकांना गठ्ठा होतो. गोल किंवा वेडीवाकडी वस्तू असेल तर कागद सोडा आणि चौकोनी कापडात बांधा, कापडाची बाजू वस्तूच्या सगळ्यात लांब बाजूच्या तिप्पट घ्यायची, वस्तू तिरकी मधोमध ठेवायची, दोन समोरची टोकं वरून आणून आत खोचायची आणि उरलेल्या दोघांची गाठ. कापड शिवलेलं नसेल तर कडा आधी मुडपून घ्या, दोरे सुटलेले फार दिसतात.